लस आणि न्याय (भाग ५) : दोष सिद्ध न करता मिळणारी भरपाई

लाखो मुलांचे प्राण वाचवणाऱ्या लसीने एखाद्याच बाळाला इजा झाली, तर त्याच्या आईवडिलांनी दाद कुठे मागायची? या प्रश्नाला अमेरिकेने दिलेले उत्तर आज समजून घेऊ.

सुरुवात झाली त्रिगुणी लसीपासून. तिच्यातल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे मुलांच्या मेंदूला कायमची इजा होते, हा आरोप १९८२ मध्ये एका माहितीपटाने घराघरांत पोचवला. कंपन्यांवर दाव्यांची रीघ लागली. खर्चाने बेजार होऊन एकेक कंपनी उत्पादनातून बाहेर पडू लागली आणि लसीचा तुटवडा पडू लागला. तेव्हा अमेरिकी संसदेने १९८६ मध्ये कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून भरपाई योजना सुरू झाली.

योजनेचा पैसा लसीतूनच येतो. लस जितक्या रोगांपासून वाचवते, तितके ७५-७५ सेंट दर डोसमागे कर म्हणून जमा होतात. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरच्या एका डोसमागे सव्वादोन डॉलर. म्हणजे प्रत्येक बाळाच्या डोसबरोबर थोडी रक्कम त्या दुर्मीळ, दुर्दैवी बाळासाठी बाजूला पडते.

दावा आरोग्य खात्याविरुद्ध असतो, कंपनीविरुद्ध नव्हे. तो विशेष न्यायाधिकाऱ्यांपुढे चालतो, ज्यूरी नसते. कोणाचा हलगर्जीपणा झाला, हे सिद्ध करावे लागत नाही. त्यासाठी एक तक्ता आहे : कोणती लस, कोणती इजा, किती अवधीत.

रोटाव्हायरसचे उदाहरण घ्या. थेंब पाजल्यावर काही दिवसांनी बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळून रडू लागते, उलट्या होतात, शी रक्तमिश्रित होते. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकलेला असतो आणि कधी शस्त्रक्रिया करावी लागते. पहिल्या किंवा दुसऱ्या डोसनंतर १ ते २१ दिवसांत हे घडले आणि दुसरे कारण सापडले नाही, तर कायदा ते लसीमुळेच झाले असे गृहीत धरतो. तक्त्याबाहेरच्या इजेसाठी मात्र पालकांना वैद्यकीय पुराव्याने कार्यकारणभाव दाखवावा लागतो.

इथेच मोठा गैरसमज होतो. भरपाई मिळाली म्हणजे लसीचा दोष सिद्ध झाला, असे नाही. मंजूर दाव्यांपैकी सुमारे ६० टक्के तडजोडीने मिटतात; त्यांत कारणाचा निर्णयच होत नाही. शंकेचा फायदा मुलाला मिळावा, हाच कायद्याचा हेतू आहे.

पण या उदारपणालाही मर्यादा आहे. लसींमुळे स्वमग्नता येते, असे म्हणणारे ५ हजारांहून अधिक दावे दाखल झाले. निवडक प्रकरणांत सविस्तर पुरावे ऐकून २००९ आणि २०१० मध्ये न्यायाधिकाऱ्यांनी ते फेटाळले. त्रिगुणीवरच्या जुन्या आरोपाचेही तसेच झाले. लसीमुळे मेंदूला इजा झाल्याचे मानल्या गेलेल्या १४ जणांची ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ११ जणांमध्ये जनुकीय दोष आढळला. त्या आईवडिलांचे दुःख खरे होते, पण कारण वेगळे होते.

माझ्या मते या योजनेचा गाभा न्याय्य आहे. समाज सगळ्यांच्या रक्षणासाठी प्रत्येक बाळाचा दंड पुढे करायला सांगतो. मग क्वचित एखाद्याला इजा झाली, तर तिचा भार एकट्या घराने का सोसायचा? अशी भरपाई लसीकरणावरचा विश्वास वाढवते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक विनंती. या दाव्यासाठी तिथले नागरिकत्व लागत नाही. दावा प्रामाणिक आणि सबळ आधाराचा असेल, तर तो हरला तरी वकिलाचा वाजवी खर्च योजनेतून मिळू शकतो. मात्र इजेचे पहिले लक्षण दिसल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. म्हणून बाळाचे लसीकरण कार्ड जपून ठेवा आणि डोसनंतर काही वेगळे दिसले, तर त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा.