आलेले आणि असलेले

धारहून मांडूला निघालेला प्रवासी नालछ्याला सहसा थांबत नाही. मांडू जवळ आलेले असते आणि डोळे पुढच्या दरवाजांकडे लागलेले असतात. पण बाहेरून आलेला माणूस एखाद्या समूहाचा कसा होतो, हा प्रश्न ज्याला पडला आहे त्याने नालछ्याला थांबावे. हा प्रश्न मला पडला तो मराठी संकेतस्थळांवरची भांडणे वाचताना. त्याच्या उत्तराचा मोठा भाग सापडला तो तेराव्या शतकातल्या एका जैन पंडिताच्या चरित्रात.

त्याचे नाव आशाधर. मूळचा सपादलक्ष देशातल्या मांडलगडचा. बाराव्या शतकाच्या अखेरीस घोरीच्या स्वाऱ्या सुरू झाल्या तेव्हा त्याचे कुटुंब परमारांच्या धारानगरीत आश्रयाला आले. धारेत तो व्याकरण आणि न्याय शिकला. पुढे परमार राजा अर्जुनवर्म्याच्या कारकिर्दीत तो नलकच्छपुराला, म्हणजे नालछ्याला राहायला गेला. तिथे श्रावकांची वस्ती दाट होती. तिथल्या नेमिनाथाच्या मंदिरात बसून त्याने ग्रंथ लिहिले. गृहस्थांच्या आचारावरचा ‘सागारधर्मामृत’ आणि साधूंच्या आचारावरचा ‘अनगारधर्मामृत’ हे त्यांतले दोन प्रसिद्ध. यांतल्या दुसऱ्या ग्रंथावरची त्याची टीका विक्रम संवत १३०० मध्ये, म्हणजे इसवी सन १२४३च्या आसपास पूर्ण झाली.

आशाधर स्वतः गृहस्थ होता, तरी साधू त्याच्याकडे शिकायला येत. ग्रंथांच्या शेवटी त्याने आपली हकीकत दिली आहे, तीत शिष्यांची नावे आहेत: कोणाला व्याकरण शिकवले, कोणाला न्याय, कोणाला धर्मशास्त्र. काव्यशास्त्र शिकलेल्यांत मदन हा कवी आहे. हा मदन पुढे अर्जुनवर्म्याचा राजगुरू झाला आणि त्याने ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका लिहिली. ती दगडावर कोरली गेली. तो शिलालेख १९०३ साली धारमध्ये उजेडात आला, तो संस्थानच्या शिक्षण खात्यातले अधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांच्यामुळे. नाटिकेच्या चार अंकांपैकी पहिले दोन आपल्या हाती आले. मदनाचे घराणेही मूळचे माळव्याचे नव्हते, ते गौड देशाचे, म्हणजे बंगालकडचे. मांडलगडहून आलेला गुरू, गौड घराण्यातला शिष्य आणि सातशे वर्षांनी त्याची नाटिका उजेडात आणणारा मराठी अधिकारी. माळव्याच्या वाङ्मयाचा हा धागा तिन्ही टोकांना बाहेरून आलेल्यांच्या हातात आहे.

तरी आशाधराला धारेत आल्याबरोबर कोणी व्यासपीठ दिले नव्हते. आधी तो शिकला. तिथल्या पंडितांच्या रीती, त्यांचे वाद, त्यांची परिभाषा त्याने आत्मसात केली. मग ज्या गावी त्याच्या विद्येची गरज होती तिथे तो गेला आणि पुढे दशकानुदशके एकाच ठिकाणी काम करत राहिला. जुन्यांनी त्याला शिकवले, काम करू दिले, आणि एक वेळ अशी आली की साधू आणि कवीही त्याच्याकडे शिकू लागले. मराठी संकेतस्थळांवर नव्या सदस्याचे काय होते, हे मी याच्याशेजारी ठेवून पाहतो.

मायबोली हे संकेतस्थळ १९९६च्या गणेशचतुर्थीला अमेरिकेतून सुरू झाले. मनोगत २००४ साली आले, मिसळपाव २००७ साली, ऐसी अक्षरे २०११ साली. मधल्या काळात, १ मे २००३ रोजी, मराठी विकिपीडियाही सुरू झाला. पहिल्या पिढीतले बरेच जण घरापासून दूर होते: अमेरिकेत, आखातात, बंगळुरात. मराठीत चार ओळी लिहायला आणि वाचायला मिळाव्यात एवढीच ओढ होती. थोड्याच वर्षांत तिथे बोलीही तयार झाली. मायबोलीवर चर्चेच्या पानाला बाफ म्हणत, मिसळपाववर धागा. निरोप विचारपुशीत टाकायचा किंवा खरडवहीत. प्रत्यक्ष भेटणे म्हणजे गटग किंवा कट्टा. मायबोलीचा वर्षाविहार होतो, त्याला ववि म्हणतात. जो नुसता वाचतो, लिहीत नाही, तो रोमात असतो. दुसऱ्या नावाने लिहिणारा डुआयडी. आणि चार जुने मिळून एकमेकांची पाठ राखू लागले की कोणीतरी म्हणणारच: कंपूबाजी.

नवा सदस्य येतो आणि विचारतो, लोखंडी तवा नवीन घेतला, तो तयार कसा करायचा? उत्तर येते: यावर आधी चर्चा झाली आहे, शोध घ्या. तो पहिली कविता टाकतो, खाली कोणी तिला सुमार ठरवत लिहितो: आणखी एक जिलबी पडली. त्याला राग येतो, तो चार खरमरीत प्रतिसाद देतो आणि दिसेनासा होतो. दुसरा नवा काही न बोलता निघून जातो. तो गेलेला कोणाला कळतही नाही.

जुन्यांची बाजू मला पूर्ण समजते. तव्याचा प्रश्न त्यांनी दहा वेळा वाचलेला असतो. त्यांतल्या कोणी तरी एकदा दोन तास खर्चून नीट उत्तर लिहिलेले असते आणि ते कोणी वाचत नाही याचे दुःख खरे असते. युजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावर दर सप्टेंबरात अमेरिकी विद्यापीठांतले नवे विद्यार्थी येत, गोंधळ घालत, आणि महिन्या-दोन महिन्यांत रुळत. १९९३-९४ मध्ये अमेरिका ऑनलाइन कंपनीने आपल्या ग्राहकांना तिथे प्रवेश दिला आणि लोंढा थांबेनासाच झाला. तेव्हापासून जुने लोक त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणू लागले. शिकवणारे थोडे आणि शिकणारे अगणित झाले की शिकवणाऱ्याचा धीर सुटतोच.

पण धीर सुटल्यावर काय होते हे विकिपीडियावर मोजले गेले आहे. इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर पोहोचली आणि मग उतरू लागली. २०१३ साली ॲरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी त्याची कारणे शोधली. नव्या येणाऱ्यांचा दर्जा घसरला म्हणून ते टिकत नाहीत, असे जुन्यांना वाटत होते. अभ्यासात तसे आढळले नाही. सद्भावनेने येणाऱ्यांचे प्रमाण फारसे बदलले नव्हते. बदलले होते ते त्यांचे लेखन पुसले जाण्याचे प्रमाण. उपद्रव रोखण्यासाठी जी स्वयंचलित साधने बनवली होती, ती प्रामाणिक नवशिक्याचेही लेखन क्षणात परत फिरवत होती. शिवाय पहिल्या काही वर्षांत जे नियम मोकळ्या चर्चेतून झाले ते पुढे इतके कडक झाले की नव्यांनी सुचवलेला बदल त्यांत शिरेना. आणि हे सगळे, नव्यांवर तुटून पडू नये, असा लेखी नियम असताना घडले.

याच दरम्यान आलेला दुसरा अभ्यास मला अधिक अस्वस्थ करतो. क्रिस्तियान दानेस्कू-निकुलेस्कू-मिझिल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली बिअरची परीक्षणे लिहिणाऱ्या दोन इंग्रजी संकेतस्थळांवरचे अनेक वर्षांचे लेखन तपासले. तिथली भाषा सतत सरकत होती. वासासाठी आधी एक शब्द होता, पुढे दुसरा रूढ झाला. नवा सदस्य आला की सुरुवातीच्या काळात तो समूहाची चालू भाषा झपाट्याने उचलतो. मग त्याची भाषा थांबते. समूह पुढे जातो आणि हा जिथे थांबला तिथेच राहतो. हळूहळू त्याला वाटू लागते की हल्लीचे लोक नीट लिहीत नाहीत. म्हणजे दुरावा दोघांनाही येतो, नव्याला लगेच आणि जुन्याला सावकाश. जुन्याचे परके होणे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही.

माळव्यातल्या मराठी माणसाला हे ओळखीचे वाटेल. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी आप्पांच्या फौजेने माळव्याच्या मोगली सुभेदाराचा पाडाव केला. पुढच्या काळात पवार घराण्याच्या शाखा धारला आणि देवासला स्थिरावल्या. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन राजे झाले. कारकून, भिक्षुक, शिलेदार, वैद्य देशावरून आणि कोकणातून येत राहिले. त्यांची मराठी घरात जपली गेली, पण ती ज्या काळी निघाली त्या काळची होती. पुणे पुढे गेले, धारच्या वाड्यातली मराठी आपल्या वळणावर राहिली आणि वर माळवीचे पाणी चढत गेले. पुण्याच्या नातेवाइकांनी या मराठीला नावे ठेवली, आणि इथल्यांनी ती मनाला लावून घेतली. पण याच घरांतले पोहे माळव्याचे झाले. शेव, जिरावण आणि शेजारी जिलबी घेऊन ते आज ज्या रूपात खाल्ले जातात ते रूप माळव्याने दिलेले आहे. पाहुण्याने आणलेला पदार्थ यजमानाने आपल्या हाताने बदलून आपला केला, असे फार थोड्या समूहांत इतक्या सहज घडते.

जुन्यांच्या हक्काबद्दलही माळव्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत इथली गावेच्या गावे ओस पडली. ब्रिटिश अधिकारी सर जॉन माल्कम, ज्यांचा मुक्काम नालछ्यालाही असे, त्यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथात लिहिले आहे की शांतता झाल्यावर परागंदा कुटुंबे परत आली. काही गावे तीस-तीस वर्षे उजाड होती. पळून गेलेल्या पाटलाचा नातू कडेवर घेऊन लोक आले, आणि पडक्या भिंती, शेते ज्याची त्याने तंटा न होता ताब्यात घेतली. सगळ्यांच्या आठवणीत ते हक्क पक्के होते. संकेतस्थळावर असे होत नाही. तिथे माहितीपानावर सभासदत्वाचा काळ दिसतो, वर्षे आणि आठवडे, पण जुन्याने कधीकाळी काय काम केले ते नव्याच्या आठवणीत नसते. म्हणून जुन्याला तो हक्क प्रत्येक चर्चेत आवाज चढवून सांगावा लागतो. मग नव्याला एवढेच दिसते की हा माणूस आवाज चढवतो.

रोमात असण्याला आपण कमी लेखतो. १९४८ साली गायक कुमार गंधर्व देवासला आले ते क्षयरोगी म्हणून. जन्म बेळगाव भागातला, तालीम मुंबईची, आणि नाव बालपणीच देशभर झालेले. गाणे बंद. कित्येक वर्षे अंथरुणावर पडून ते माळव्याचे आवाज ऐकत राहिले: बायकांची गाणी, जोग्यांची निर्गुणी भजने, ऋतूंच्या धुना. देवासला तेव्हा उस्ताद रजब अली खाँसारखे दिग्गज हयात होते, म्हणजे गाव काही गाण्याला परके नव्हते. पण ज्या धुनांकडे मैफलीतल्या जाणकारांनी राग म्हणून पाहिले नव्हते, त्यांच्यात रागाचे बीज कुमारांना दिसले. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी यांना ते धुनउगम राग म्हणत. पुन्हा गाऊ लागले तेव्हा शास्त्रीय संगीतातल्या अनेक जुन्यांना ते पटले नाही. माळव्याने मात्र त्यांना कधी नवखे म्हटले नाही. १९९२ मध्ये देवासलाच त्यांनी देह ठेवला.

मला कुमारांचा तो न गाण्याचा काळ संकेतस्थळांवरच्या हजारो मूक वाचकांसाठी महत्त्वाचा वाटतो. त्यांना आळशी, फुकटे म्हणण्याची पद्धत आहे. ते चुकीचे आहे. जो वाचतो आहे तो शिकतो आहे, आणि त्याला बोलते करायचे तर ‘लिहा की’ म्हणून चालत नाही, हाताला काम द्यावे लागते. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१च्या पुस्तकात लायबेरियातल्या शिंप्यांचे उदाहरण दिले आहे. तिथे उमेदवार आधी गुंड्या लावतो आणि काठ दुमडतो, मग शिवण शिकतो, कापड कापणे सर्वांत शेवटी. काम शेवटाकडून सुरुवातीकडे जाते. चुकली तरी गुंडी पुन्हा लावता येते, कापड वाया जात नाही, आणि पहिल्या दिवसापासून त्याचा हात खऱ्या कपड्यावर असतो.

मराठी संकेतस्थळांनी हे आपल्या परीने केले आहे, आणि जिथे केले तिथे माणसे टिकली. मायबोलीचा गणेशोत्सव आणि दिवाळी अंक सदस्यच चालवत आले. ज्याने कधी चर्चेत तोंड उघडले नाही असा माणूस मुद्रितशोधनाला बसतो आणि चार महिन्यांनी तो जुना झालेला असतो. मराठी विकिपीडियावर चर्चेसाठी चावडी आहे आणि सरावासाठी धूळपाटी. नव्याच्या पानावर स्वागताचा साचा लागतो. साचा आपोआप लागला तर त्याचा फारसा उपयोग नाही. त्याच्या पहिल्या वाक्यातली चूक कोणी न पुसता दुरुस्त केली, आणि काय केले ते दोन ओळींत सांगितले, तर तो दुसऱ्या दिवशी परत येण्याची आशा असते.

धार-देवासकडच्या ज्या मराठी घरांत जुने मराठी ग्रंथ वाळवीच्या तोंडाशी आहेत, त्यांच्यासाठी मला विकिस्रोत हा प्रकल्प सर्वांत जवळचा वाटतो. स्वामित्वहक्काच्या बाहेर गेलेल्या पुस्तकाची पाने तिथे चित्ररूपात चढतात आणि शेजारी मजकूर टंकला जातो. न तपासलेले पान लाल असते. एका सदस्याने मुळाशी ताडून पाहिले की ते पिवळे होते. ते हिरवे व्हायला पुन्हा एकदा तपासणी लागते, आणि ज्याने पान पिवळे केले त्याला ती करता येत नाही. मग तो वीस वर्षांचा जुना असो की काल आलेला.