रूपमतीचा मंडप : वास्तू आणि कथा

मांडूच्या पठाराच्या दक्षिण कड्यावर रूपमतीचा मंडप उभा आहे. त्यापुढे जमीन एकाएकी तुटते आणि खाली निमाडचे मैदान पसरते. नर्मदेचे दर्शन घेतल्याखेरीज रूपमती अन्न घेत नसे आणि त्यासाठी रोज येथे येई, अशी आख्यायिका आहे. हवा स्वच्छ असली की नदीची रेघ खरोखरच दिसते. त्यामुळे कथेवर सहज विश्वास बसतो. वास्तूची साक्ष मात्र निराळी आहे. इमारतीचा मूळ भाग शत्रूवर नजर ठेवण्याच्या चौकीचा असून गच्चीवरील घुमटी मागाहूनच्या आहेत, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. रेवाकुंडाजवळच्या बाजबहादुराच्या महालाचेही असेच आहे. तो नासिरुद्दीन खलजीने १५०८-०९ मध्ये बांधल्याचे तेथील फार्सी शिलालेखावरून कळते. बाजबहादूर गादीवर आला तो १५५५ च्या सुमारास. म्हणजे या प्रेमकथेचे घर प्रेमिकांपूर्वी जवळजवळ अर्धशतक बांधून तयार होते. कथा तेथे नंतर राहावयास आली.

१५६१ साली सारंगपूरजवळ अधमखानाच्या मोगल फौजेने बाजबहादुराचा पराभव केला. तो निसटला, रूपमतीने विष घेतले. पुढे बाजबहादूर अकबराच्या चाकरीत शिरला आणि ‘आईन-ए-अकबरी’त गायकांच्या नामावळीत जाऊन बसला. पराभूत राजाला कलावंत म्हणून दरबारी ग्रंथात जागा मिळाली; रूपमतीच्या वाट्याला मात्र आली ती विषाची हकीकत.

तिची पदे टिकली ती दुसऱ्याच वाटेने. १५९९ मध्ये अहमद-उल-उमरी याने फार्सीत तिची कथा लिहिली आणि तिच्या नावावरील सव्वीस रचना तीत समाविष्ट केल्या. या ग्रंथाची १६५३ मध्ये नक्कल झाली. ती हस्ते परहस्ते दिल्लीहून आग्र्यास गेली आणि अखेर क्रम्प यांच्या १९२६ च्या इंग्रजी भाषांतरातून बाहेरच्या वाचकांपुढे आली. आजचा वाचक रूपमतीला बहुधा या इंग्रजी पडद्याआडूनच पाहतो, आणि तोही तिच्यातील प्रेयसीला, कवयित्रीला नव्हे.

या रचना तिच्याच, असे ठामपणे म्हणता येणार नाही. तिच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी त्या ग्रंथबद्ध झाल्या. पण मीरेच्या नावावरील पदांबाबत अभ्यासक कर्तृत्वाचा गुंता जितक्या धीराने उकलतात, तितका धीर येथे क्वचितच दिसतो. ही सव्वीस पदे फार्सी कथानकातून सोडवून घेऊन त्यांची भाषा माळव्याच्या तत्कालीन बोलीशी ताडून पाहणे, हे काम हाती घेण्याजोगे आहे.