कडूगोड बर्बन : घरच्या घरी, पण मापून



दारूवर लेख आणि तोही एका नर्सबाईचा, म्हणून कोणी भुवया उंचावतील. उंचवा. पण आपल्यातली किती मंडळी शुक्रवारी किद्दूशनंतर "थोडीशी" घेतात ते मला माहीत आहे. थोडीशी म्हणजे किती, तेवढंच आज सांगायचं आहे.

मागच्या वर्षी नातू अमेरिकेहून आला तो बर्बनची बाटली घेऊन. म्हणाला, "सावता, तुला एक मस्त गोष्ट करून देतो." त्यानं बर्फावर तीन बाटल्यांतून ओतलं, हलवलं, वर संत्र्याची साल पिळली. रंग गडद लाल. पहिल्या घोटाला मला माझं लहानपण आठवलं! आई रविवारी सकाळी काडेचिराईताचा काढा पाजायची, थेट तोच कडूपणा. फरक एवढाच की ह्याच्या मागून गोडवा येतो, आणि मग वाटतं, अजून एक घोट घ्यावा.

ह्या पेयाचं नाव बुलेवार्दिए. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा बरेच अमेरिकन पॅरिसला जाऊन राहिले. त्यांतला अर्स्किन ग्विन नावाचा लेखक तिथे ह्याच नावाचं मासिक काढायचा. त्याच्या आवडीचं हे पेय पॅरिसमधल्या हॅरी मॅकेल्होन ह्या बारवाल्याच्या १९२७ च्या पुस्तकात आलं. बंदीचे दिवस आपल्या मुंबईकरांना नवे नाहीत. १९४९ चा कायदा, परमिट, आणि परमिटसाठी तब्येतीची कारणं. माझ्या वडिलांकडेही परमिट होतं आणि तब्येत ठणठणीत होती.

आता तीन बाटल्यांत काय असतं ते बघू. बर्बन ही अमेरिकन व्हिस्की. तिच्यात निदान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते, म्हणून तिला व्हॅनिलासारखा गोड वास येतो. दुसरी कॅम्पारी, इटलीची, १८६० पासूनची. लाल आणि कडू. तिसरं गोड लाल वरमूथ, म्हणजे वनस्पती घालून केलेली वाइन. वरमूथ हा शब्द ज्या कडू झुडपावरून आला ते आपल्या दवण्याच्याच कुळातलं. तनाखमध्ये लआना म्हणतात तीही त्यातलीच.

काश्रूत पाळणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. वरमूथ ही वाइन आहे, तेव्हा हेख्शेर असल्याशिवाय घेऊ नये. कॅम्पारीचा लाल रंग पूर्वी एका किड्यापासून काढत. २००६ पासून बहुतेक देशांत तो बंद झाला, तरी बाटलीवरचा शिक्का बघूनच घ्या. काही बर्बन शेवटी वाइनच्या पिंपात ठेवतात, तीही टाळावी. शंका असेल तर रब्बींना विचारा, माझं ज्ञान इथे संपलं.

त्या रात्री मी दोन ग्लास घेतले. अडीच वाजता लघवीला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. बेसिन धरलं म्हणून वाचले, नाहीतर खुबा गेला असता. हातावर काळानिळा डाग आठ दिवस होता. मी लेकीला सांगितलं, दारावर आपटले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आईवडिलांना बजावत आले, "रात्री उठताना आधी पलंगावर बसा," आणि स्वतः मात्र ही अशी!

मोत्साए शब्बाथला कागद-पेन घेऊन हिशेब केला. नेहमीच्या कृतीत ४५ मिली बर्बन, ३० मिली कॅम्पारी, ३० मिली वरमूथ. बर्बनमध्ये ४० टक्के अल्कोहोल, कॅम्पारीत साधारण २५, वरमूथमध्ये १६ च्या आसपास. एका ग्लासात शुद्ध अल्कोहोल झालं ३० मिली, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम. अमेरिकेत १४ ग्रॅमला एक ड्रिंक मोजतात. तेव्हा माझे दोन ग्लास म्हणजे जवळजवळ साडेतीन ड्रिंक झाले, आणि नातू तर नुसत्या अंदाजानं ओतत होता.

त्यात आपलं वय. म्हातारपणी अंगातलं पाणी कमी होतं, त्यामुळे तेवढ्याच दारूचं रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. दारूनं लघवी जास्त होते, म्हणून रात्री उठणं आलं. वरून बीपीची गोळी असेल तर उभं राहताक्षणी बीप़ी घसरतं. माझं हेच झालं.

म्हणून माझी कृती अशी. खोकल्याच्या औषधाबरोबर प्लास्टिकचं छोटं माप येतं ना, तेच धुऊन घ्या. बर्बन २० मिली, कॅम्पारी १५, वरमूथ १५. माप नसेल तर औषधाचा चमचा ५ मिलीचा असतो, म्हणजे चार, तीन, तीन चमचे. बाटली तिरकी करून अंदाजानं ओतायचं नाही! मोठ्या ग्लासात भरपूर बर्फ घालून लांब चमच्यानं अर्धा मिनिट हलवा. जोरजोरात हिंदकळवू नका, फेस येतो. मग गाळून छोट्या ग्लासात नव्या बर्फावर ओता. संत्र्याची पातळ साल, पांढरा भाग शक्यतो न घेता, ग्लासावर पिळा आणि आत टाका. ह्या ग्लासात ११ ग्रॅम अल्कोहोल येतं. जेवणाबरोबर सावकाश प्या, आणि दुसरा ग्लास करू नका. वरमूथ उघडलं की फ्रिजमध्ये ठेवा, महिन्या-दीड महिन्यात संपवा, नाहीतर चव जाते.

झोपेची गोळी घेत असाल तर ह्यातलं काही नको, अर्धा ग्लाससुद्धा नको. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर पिऊन काही तासांनी, झोपेत, एकदम खाली येऊ शकते. रक्त पातळ करणारं औषध असेल तर आधी कुपात खोलीममधल्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना "कधीतरी" म्हणू नका, खरा आकडा सांगा. आपल्या लोकांना इथेच लाज वाटते.

ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी आपलं किद्दूशचं मनुक्यांचं शरबत आहेच. काळे मनुके रात्रभर भिजवा, कुस्करून गाळा. दोन भाग शरबत, एक भाग थंड झालेला कडक कोरा चहा, बर्फ आणि वर तीच संत्र्याची साल. चहाचा तुरटपणा कॅम्पारीची थोडी आठवण करून देतो. डायबेटिसवाल्यांनी मात्र छोटी वाटीच घ्यावी, मनुक्यात साखर बरीच असते.

बर्बन धान्याची, म्हणजे हामेत्स. आमची बाटली अजून निम्मी आहे, पेसाखच्या आधी ती विकण्याच्या यादीत घालायची आहे. नातू फोनवर विचारतो, "सावता, अजून संपली नाही?" मी म्हणते, चमच्यानं संपवायला वेळ लागतो, बाबा.