वारुळावरील अळंबी

मृगाच्या सरी पडून चार दिवस उकाडा झाला, म्हणजे अहमदपुराभोवतालच्या माळावर आणि शेतांच्या बांधांवर, जेथे वाळवीचे घर असेल तेथे, एका रात्रीत पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. मुले त्या ओंजळभर आणून “ही खाण्याची काय?” असे आम्हांस विचारतात. उत्तर चुकले तर प्राणावर बेतते. म्हणून या अळंबीची ओळख येथे करून देतो.

या वंशास फ्रेंच शास्त्रज्ञ रोझे हाइम यांनी १९४२ साली ‘टर्मिटोमायसीज’ हे नाव दिले. वाळवी पालापाचोळा व काष्ठ वारुळात नेऊन त्याची पोळ्यासारखी बाग रचते. तीवर वाढणारी बुरशी ते कठीण अन्न मऊ करते व वाळवी त्यावर जगते. पाऊस लागला की याच बुरशीचे फळ भुईबाहेर येते, तीच अळंबी.

तिच्या खुणा अशा. छत्रीच्या मध्यभागी टणक, बहुधा टोकदार उंचवटा असतो; माती फोडून वर येण्यास तो उपयोगी पडतो. छत्रीखालची पातळ पाती आरंभी पांढरी व पुढे किंचित गुलाबी होतात. छत्री कागदावर रात्रभर पालथी ठेवली, तर फिकट गुलाबी भुकटी पडते. मुख्य खूण मात्र जमिनीखाली आहे: दांडा मुळासारखा लांबत थेट वाळवीच्या बागेपर्यंत जातो. याकरिता अळंबी ओढून तोडू नये. हलके खणून पाहावी. या वंशातील एका चिमुकल्या जातीस मात्र असे मूळ नसते.

दांड्याच्या बुडाशी वाटीसारखी पिशवी दिसली, किंवा पाती हिरवट झाली, तर ती अळंबी घरी आणू नये. पिशवीवाल्या ‘अमॅनिटा’ वंशातील काही जातींचे विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब बहुधा सहा तासांनंतर सुरू होतात, मध्यंतरी रोग्यास बरे वाटते आणि मग यकृत निकामी होते. चांदीचे नाणे काळे पडते की नाही, किडे अळंबी खातात की नाही, या परीक्षा सर्वस्वी खोट्या आहेत.

पालकांस आमची विनंती इतकीच, की एकही खूण जुळली नाही किंवा जाणते माणूस जवळ नसले, तर ती अळंबी चुलीवर चढवू नये. खाल्ल्यावर त्रास झाल्यास उरलेली अळंबी बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. मुलांनी मात्र वारुळापाशी बसून तिचे चित्र अवश्य काढावे. पाहण्याने कोणास विषबाधा होत नाही.