सुट्टीत कॅन्सरचे संशोधन, आणि त्याचे मानधनही!

शेतकरी बंधूंनो, तुमची मुलगी किंवा मुलगा बी.एस्सी.ला किंवा डॉक्टरकीला असेल, तर उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे घरकाम, शेतकाम, नाहीतर शहरात कुठेतरी तात्पुरती नोकरी, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. याच दोन महिन्यांत एखाद्या नावाजलेल्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येते आणि त्याचे पैसेही मिळतात, ही गोष्ट खेड्यापर्यंत फारशी पोहोचलेली नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. त्याचीच ही पुढची पायरी समजा.

“कॅन्सरचे संशोधन म्हणजे मुंबईचे काम, आपला काय संबंध?” असे कोणी म्हणेल. पण संबंध फार जवळचा आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली आपल्या बार्शीला सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत कार्यकर्ते फिरले, लोकांशी बोलले, रोगाची लक्षणे समजावून सांगितली. त्याचा परिणाम असा झाला की, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या.

त्याहून मोठे काम त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाले. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा १९९९ पासून अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह करून चार गटांत विभागले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या, चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा चालू राहिली. विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची तपासणी ज्या गटात झाली, तिथे ३४ स्त्रिया या रोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गटांत तीस हजारांवर स्त्रिया होत्या. एकाच तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले, हे २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले आणि जगाने त्याची दखल घेतली. तपासणी न मिळालेल्या गटावरून पुढे वादही झाला. असे प्रश्न विचारायलासुद्धा गावातलीच शिकलेली पोरे पुढे यायला हवीत. मिश्री कोण लावते, तंबाखू कोण मळते आणि दुखणे अंगावर कोण काढते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक?

आता वाटा कोणत्या ते बघा.

पहिली वाट ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीची. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या १ टक्क्यात आलेला विद्यार्थी मूलभूत विज्ञानाच्या पदवीला गेला, तर वर्षाला ८० हजार रुपयांची ही योजना आहे. त्यातले २० हजार खास उन्हाळी प्रकल्पासाठी आहेत. प्रकल्प कर्करोगाच्या जीवशास्त्रावर करायलाही हरकत नसते, फक्त मान्यताप्राप्त संस्थेतला मार्गदर्शक मिळवावा लागतो. एक मात्र ध्यानात ठेवा : इंजिनिअरिंग, मेडिकल किंवा बी.एस्सी. ॲग्रीला ही योजना लागू नाही. आपल्याकडची पुष्कळ हुशार मुले ॲग्रीला जातात, म्हणून प्रवेशाआधीच हा हिशेब करावा.

दुसरी वाट तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपची. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या या अकादमी मिळून विद्यार्थ्यांना दोन महिने शास्त्रज्ञांकडे पाठवतात आणि मानधन देतात. अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास भरायचे असतात. मार्कांबरोबर आपल्याला काय करायचे आहे त्याचे छोटे टिपण आणि प्राध्यापकांचे शिफारसपत्र लागते. टिपण दुसऱ्याचे उतरवून काढू नये, आपल्याच शब्दांत लिहावे.

तिसरी वाट एम.बी.बी.एस. आणि बी.डी.एस.च्या मुलांची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून आहे. कॉलेजातल्या मार्गदर्शकाच्या मदतीने प्रस्ताव पाठवायचा, तो मंजूर झाला की दोन महिने काम करायचे, मग अहवाल द्यायचा. अहवाल मान्य झाल्यावरच मानधन आणि प्रमाणपत्र हाती पडते. तोवरचा खर्च घरून करावा लागतो, याची तयारी ठेवा.

इथे सावधगिरीचा एक शब्द. ‘इंटर्नशिप देतो, सर्टिफिकेट देतो, आधी पाच हजार भरा’ असे फोन मुलांना येतात. काही चांगल्या संस्था प्रशिक्षणाची फी घेतात, काही फुकट शिकवतात, ते वेगळे. पण शिष्यवृत्ती देतो म्हणणारा उलट तुमच्याकडेच पैसे मागत असेल, तर समजून जा. कॉलेजच्या सरांना दाखवल्याशिवाय एक पैसाही भरू नका.

सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक मंडळींनाही विनंती आहे. बारावीच्या निकालानंतर इन्स्पायरची आणि दिवाळीच्या आधी अकादमीच्या फेलोशिपची सूचना ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. तारखा दरसाल मागेपुढे होतात, म्हणून त्या संस्थेच्या अधिकृत जाहिरातीवरूनच घ्या. मुलाच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते, आधार आणि गुणपत्रिकांवर नाव एकसारखे आहे ना, हे आताच तपासून दुरुस्त करून द्या. ऐन वेळी नावातल्या एका अक्षरापायी धावाधाव नको.

आणि मुलीच्या आईवडिलांनो, दोन महिने परगावी कसे पाठवायचे, ही काळजी रास्त आहे. राहण्याची सोय कुठे, मार्गदर्शक कोण, हे संस्थेला आधी विचारून घ्या. खात्री पटली, की मात्र अडवू नका. ज्या रोगाने खेड्यातल्या इतक्या बाया नेल्या, त्याच्यावरचे काम आपल्या लेकीने शिकून घ्यावे, याहून चांगला सुट्टीचा उपयोग कोणता?