साडेचारशे डॉलरांचं इंजिन

स्वतःच्या हातानं हॉट रॉड बांधायची, तीही खिसा सांभाळून! गॅरेज, जोश, मित्र सगळं जमतं. गाडी अडते ती एकाच प्रश्नावर : इंजिन कुठलं टाकायचं?

‘तीनशे पन्नास आहे. ट्रकमधून काढलंय, चालू होतं. साडेचारशे डॉलर, फायनल.’

रविवारची पहाट, लॉस एंजेलिसजवळचं एक मैदान आणि तिथे भरलेला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. समोर पत्र्याच्या ठेल्यावर एक व्ही-एट, ताज्या नारिंगी रंगात चकाकणारं. मी एका शब्दानंही घासाघीस केली नाही. नोटा मोजल्या आणि मोकळा झालो. पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडून मोठा झालेल्या माणसाला हे अजिबात शोभत नाही, कबूल!

पण बॉस, माझी घाई समजून घ्या. गॅरेजमध्ये आठ महिन्यांपासून १९२९च्या फोर्ड मॉडेल-ए रोडस्टरसारखी दिसणारी फायबरची बॉडी आणि चासी पडून होती. कुणीतरी अर्धवट सोडलेला प्रोजेक्ट मी हौसेनं उचललेला. त्यापायी बायकोची गाडी रोज उन्हात. शेवटी करार झाला : इंजिनासाठी २५०० डॉलर, त्याच्यावर एक छदाम नाही, आणि दिवाळीपर्यंत गाडी सुरू झाली नाही, तर ती जाहिरात देऊन विकायची. तेव्हा जून महिना चालू होता.

स्वस्तातली मस्ती

हॉट रॉड म्हणजे श्रीमंतांचा खेळ, असा आपल्याकडे समज. खरं तर उलटं आहे. जुनी, हलकी, कुणाला नको असलेली गाडी घ्यायची, मडगार्ड-बिडगार्ड काढून तिचं वजन उतरवायचं आणि आत जमेल तेवढं दणकट इंजिन बसवायचं, हा मूळ फंडा. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर अशा गाड्या पळवायची. दुसऱ्या महायुद्धानंतर हे वेड इतकं वाढलं की, १९४८च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ नावाचं मासिकच निघालं.

या वेडाला पेट्रोल पुरवलं ते फोर्डनं. १९३२मध्ये फोर्डनं सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-एट इंजिन दिलं, तेच ते प्रसिद्ध ‘फ्लॅटहेड’. ताकद ६५ हॉर्सपॉवर. आज आपल्याकडची स्विफ्टही याच्या पुढे जाते. पण त्या काळी स्वस्तातल्या गाडीत आठ सिलिंडर म्हणजे चैनच! पुढे १९५५मध्ये शेवरोलेनं ‘स्मॉल ब्लॉक’ आणलं. आटोपशीर, हलकं आणि ताकदवान. जनरल मोटर्सनं २०११मध्ये दहा कोटीवं स्मॉल ब्लॉक बनवलं. एवढी इंजिनं बनली म्हटल्यावर भाग कुठेही आणि स्वस्तात मिळणारच.

चार स्थळं

लग्नासाठी स्थळं बघावीत तशी मी इंजिनं बघत होतो. मदतीला शेजारचे आजोबा. आयुष्यभर विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशिनिस्ट होते. मनात मी त्यांना काका म्हणतो, तोंडावर नाही. या गावात निम्मी जनता स्पॅनिश बोलते आणि त्या भाषेत ‘काका’चा अर्थ भलताच होतो!

पहिलं स्थळ अर्थातच फ्लॅटहेड. दिसायला काय देखणं! पण त्यात जळलेला गरम वायू ब्लॉकच्या पोटातूनच वाट काढत बाहेर पडतो, त्यामुळे ते पटकन तापतं. शिवाय जुन्या ब्लॉकना तडे गेलेले असतात, आणि ते खोलल्याशिवाय दिसत नाहीत. एका दुकानात इंजिन नव्यासारखं करून देण्याचा आकडा विचारला आणि आभार मानून परतलो. माझं सगळं बजेट त्यात अर्ध्यावरच संपलं असतं.

दुसरं एलएस घराण्यातलं ५.३ लिटर. १९९९पासून शेवरोलेच्या पिकअप आणि एसयूव्हीमध्ये लाखोंनी आलं. भंगारवाड्यात मला ६०० डॉलरला मिळत होतं. तीनशेच्या आसपास हॉर्सपॉवर, वर टिकाऊ. मी तर हरखलोच. काकांनी शांतपणे कागद-पेन्सिल पुढे केली. ‘लिही.’ कॉम्प्युटर आणि त्याचं वायरिंग. त्या कॉम्प्युटरमधलं चोरीविरोधी कुलूप काढून घेणं. फ्युएल इंजेक्शनला चार बारच्या आसपास दाब लागतो, म्हणून तसा पंप आणि तशाच पाइपलाइन. ऑइलचा सम्प खाली लोंबतो, तो बदलायचा. वरचा इनटेक इतका उंच की, माझ्या गाडीच्या बॉनेटबाहेर डोकं काढणार. बेरीज केली तर ६०० डॉलरचं इंजिन ३००० च्या पुढे! ज्याला इंजेक्शन हवंय, रोज ऑफिसला गाडी न्यायचीय, त्यानं जरूर घ्यावं. मला परवडणारं नव्हतं.

तिसरं फोर्ड ३०२. फोर्डच्या गाडीत फोर्डचंच इंजिन, म्हणजे सनातनी मंडळीही खूश. १९९६ ते २००१ दरम्यानच्या व्ही-एट एक्सप्लोररमध्ये ते सापडतं. ३०२मध्ये डिस्ट्रिब्युटरची जागा पुढच्या बाजूला असते. त्यामुळे इंजिनामागची भिंत, म्हणजे फायरवॉल, कापावी लागत नाही. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण काकांनी टॉर्च घेऊन चासीच्या आत डोकं घातलं. आधीच्या मालकानं त्यावर शेवरोलेचे माउंट वेल्ड करून ठेवले होते आणि सोबत शेवरोलेचाच गिअरबॉक्स दिला होता. म्हणजे निर्णय माझ्याआधी चासीनं घेतला होता!

राहिलं चौथं : शेवी ३५०. ३५० घन इंच म्हणजे ५.७ लिटर, १९६७पासूनचं. कार्बोरेटर लावला, डिस्ट्रिब्युटरला बॅटरीची वायर दिली की झालं. कॉम्प्युटर नको, काही नको. आणि म्हणूनच त्या रविवारी ते नारिंगी इंजिन बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

आणि मग माप घेतलं

इंजिन गॅरेजमध्ये आलं. काका दोन आठवडे मुलीकडे गेले होते. परत आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, ‘मागचा नंबर बघितलास का?’

कसला नंबर?

ब्लॉकच्या मागच्या कडेला, गिअरबॉक्स जोडतात तिथे, ओतकामाचा नंबर असतो. त्यावरून ब्लॉकची जात कळते. मी बघितलाच नव्हता. त्यावर रंगाचे जाड थर होते, तेही नेमके तिथेच. मग आम्ही एक हेड उतरवलं. काकांनी सिलिंडरमध्ये व्हर्नियर घातला. ३५०चा बोअर असतो चार इंच. मापावर आले पावणेचार इंचांच्याही किंचित आत. ‘थ्री-ओ-फाइव्ह,’ काका म्हणाले.

३०५ आणि ३५० बाहेरून अगदी जुळी भावंडं. स्ट्रोक एकच, फरक फक्त बोअरचा. पण छोट्या बोअरमुळे मोठे व्हॉल्व्ह बसत नाहीत, ताकद वाढवायला वाव कमी. त्यामुळे बाजारात ३०५ला कुणी विचारत नाही. त्यात माझ्या ‘चालू’ इंजिनाच्या दोन सिलिंडरांत गंज होता.

त्या रात्री मी बायकोला काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, ‘ऑफिसमध्ये टेस्टिंग केल्याशिवाय सॉफ्टवेअर सोडत नाहीस ना?’ यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं!

काका म्हणाले, ‘ते तीनशे पन्नास म्हणूनच कुणाला तरी खपव.’ की मला पारखत होते, देव जाणे. मी पाटी लिहिली : ३०५, गंज आहे. दोनशे डॉलर आले. अडीचशे पाण्यात. ऑगस्ट संपला होता.

आख्खी गाडीच घे!

मग काकांनी त्यांचा जुना फंडा सांगितला : सुटं इंजिन घेऊच नको, ठोकलेली गाडी घे. इंजिन चालताना ऐकता येतं. शिवाय स्टार्टर, अल्टरनेटर, पुली, ब्रॅकेट, नटबोल्ट सगळं सोबत येतं. सुटं इंजिन स्वस्त दिसतं, कारण या बारीकसारीक वस्तू त्यात नसतात.

सप्टेंबरमध्ये सापडली १९९७ची शेवी पिकअप, मागून ठोकलेली, पुढून धडधाकट. तिच्यात ५.७ लिटरचं ‘व्होर्टेक’. १९९६पासून आलेल्या या व्होर्टेक हेडमध्ये हवेचा प्रवाह जुन्या हेडपेक्षा कितीतरी चांगला. कारखान्यातूनच ताकद २५५ हॉर्सपॉवर. काकांनी मालकाला आधीच फोन करून बजावलं, ‘आम्ही येईपर्यंत चावी लावू नका.’ गेल्यागेल्या त्यांनी इंजिनावर हात ठेवला. गार. मग सुरू केलं. पहिल्याच फटक्यात उठलं. निळा धूर नाही, खालून ठकठक नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही, म्हणजे पाणी मिसळलेलं नाही. मग आठही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं. आठही आकडे १५५ ते १६५च्या दरम्यान. काका पहिल्यांदा हसले.

इनटेकच्या गॅस्केटपाशी मात्र पाणी झिरपत होतं. ही या इंजिनाची दुखरी नस. पण मला मूळ इनटेक काढून कार्बोरेटरचा बसवायचाच होता. तेच कारण पुढे करून घासाघीस केली, या वेळी अस्सल पुणेरी! १३०० डॉलर दिले. दारं, चाकं, मागचा ॲक्सल, गिअरबॉक्स विकून ७०० परत आले. उरलेला सांगाडा कागदपत्रांसकट भंगारात.

धुराचं काय? कॅलिफोर्नियात नियम कडक आहेत. घरी बांधलेल्या गाड्यांसाठी दरवर्षी फक्त ५०० खास नंबर निघतात. तो मिळाला, तर गाडी ज्या सालासारखी दिसते त्या सालाचे नियम लावून घेता येतात. त्याच्या रांगेत मी आहेच. ‘मग हे पुण्यात करू का?’ असं विचारणाऱ्या मित्रांना मात्र सांगतो, जरा जपून. गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलंय. पाना हातात घेण्याआधी आरटीओ गाठा!

दिवाळीच्या आदल्या शनिवारी

या इंजिनाचा ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या टोकाला जोडलेल्या दांड्यावर फिरतो. म्हणून सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिल मशीननं पंप फिरवायचा आणि सगळीकडे ऑइल पोचवायचं. ते केलं. डिस्ट्रिब्युटर बसवला. चावी फिरवली. कार्बोरेटरमधून फाटकन भडका! माझी भुवई वाचली. डिस्ट्रिब्युटर मी बरोब्बर अर्धा फेरा उलटा बसवला होता. काढून पुन्हा बसवला, वायरी तपासल्या : १-८-४-३-६-५-७-२. स्मॉल ब्लॉकची ही पेटण्याची क्रमवारी आता मला झोपेतही म्हणता येते.

दुसऱ्यांदा चावी फिरवली. सायलेन्सर अजून लावलेच नव्हते. गल्लीतली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. बायको पिठाच्या हातानं बाहेर आली, चकल्या चालू होत्या. काही तरी म्हणाली, पण ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी इंजिन बंद केलं.

‘काय म्हणालीस?’

‘म्हटलं, विकायची नाही. पण माझी गाडी आत घे.’

माझा हिशेब (डॉलरमध्ये)

पिकअप, भाग विकून निव्वळ : ६००
व्होर्टेक हेडला बसणारा इनटेक आणि जुना कार्बोरेटर : ३८०
डिस्ट्रिब्युटर : १२०
गॅस्केट, टायमिंग चेन, वॉटर पंप : ३१०
फ्लेक्सप्लेट आणि कमी दाबाचा फ्युएल पंप : १३०
एक्झॉस्ट हेडर : १९०
रेडिएटर : ४००
३०५ नावाची शिकवणी : २५०
एकूण : २३८०

इंजिन बघायला जाताय?

• आधी चासीवरचे माउंट आणि गिअरबॉक्स बघा. ते ज्या घराण्याचे, त्याच घराण्याचं इंजिन सगळ्यात स्वस्त पडतं.
• इंजिनाची नाही, ते सुरू होईपर्यंतच्या सगळ्या वस्तूंची बेरीज करा. कागदावर!
• गार इंजिन सुरू होताना ऐका. मालकानं आधीच तापवून ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी या.
• कॉम्प्रेशन मोजा. आठही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत.
• ब्लॉकवरचा नंबर शोधा. त्यावर ताजा रंग असेल, तर खिशात खरवडणी ठेवा.