ऑपरेशन झालं, आता केमो लागेलच का?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन नीट पार पडतं, पेशंट घरी येतो आणि नातेवाइकांचे फोन सुरू होतात, ‘केमो कधीपासून?’ जरा थांबा. केमो लागणारच हे गृहीत धरण्याआधी पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात घ्या.

त्यात आधी लिम्फ नोड्स, म्हणजे लसीकाग्रंथी बघा. किती तपासल्या आणि किती ग्रंथींत कॅन्सर सापडला, हे तिथे लिहिलेलं असतं. निदान 12 तरी तपासलेल्या असाव्यात. त्याहून कमी असतील, तर ‘काही सापडलं नाही’ यावर तितका भरवसा ठेवता येत नाही. ग्रंथींत कॅन्सर असेल आणि तो दूर पसरलेला नसेल, तर ती तिसरी स्टेज. तिथे केमोचा फायदा स्पष्ट आहे, चालढकल करू नका.

खरा पेच दुसऱ्या स्टेजचा. ग्रंथी स्वच्छ असतात आणि बहुतेक पेशंट नुसत्या ऑपरेशनने बरे होतात. थोड्यांचा आजार मात्र परततो, आणि ते थोडे कोण, हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून ‘उगाच रिस्क कशाला’ म्हणत केमो घेतली जाते. रिस्क तर केमोतही आहे! ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाने हातापायांना येणाऱ्या मुंग्या काहींना वर्षानुवर्षं सोडत नाहीत. शर्टाचं बटण लावणंही जड जातं.

ऑस्ट्रेलियातल्या ‘डायनॅमिक’ अभ्यासाने नेमकं इथेच बोट ठेवलं. दुसऱ्या स्टेजचे 455 पेशंट होते. एका गटात ऑपरेशननंतर रक्त तपासलं आणि त्यात ट्यूमरच्या डीएनएचे तुकडे सापडले, तरच केमो दिली. दुसऱ्या गटात डॉक्टरांनी नेहमीच्या पद्धतीने ठरवलं. 2022 मध्ये निकाल आला. पहिल्या गटात 15 टक्के पेशंटना केमो मिळाली, दुसऱ्यात 28 टक्के. आणि दोन वर्षांनी आजार न परतता जगणारे? 93.5 आणि 92.4 टक्के. हे आकडे मी दोनदा वाचले. केमो जवळपास निम्म्यांनाच, तरी निकाल तसाच.

ही रक्ततपासणी अजून सगळीकडे रुळलेली नाही. पण ‘एमएमआर’ किंवा ‘एमएसआय’ ही तपासणी काढलेल्या ट्यूमरवरच होते, तिच्याबद्दल नक्की विचारा. दुसऱ्या स्टेजला तिच्यात दोष दिसला, तर आजार परतण्याची शक्यता कमी असते आणि एकट्या फ्लुरोयुरॅसिलच्या केमोचा फारसा उपयोग होत नाही. असा दोष काही वेळा आनुवंशिकही असतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तेव्हा पेशंटच्या भावंडांची आणि मुलांची तपासणी करायची का, हेही त्याच भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या.